पुस्तक, क्रीम आणि एक पारदर्शक पिशवी

साशंक: तोंडाला लेप लावायचा आणि तो वाळेपर्यंत वाचायचं, ही तुझी फिरतीवरची दिनचर्या मला अजून पचत नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चांगल्या. बाईने स्वतःसाठी वेळ काढावा, याला माझी कधीच ना नव्हती. पण त्या दोघींची गाठ कशाला मारायची?

हौशी: कारण वेगवेगळ्या ठेवल्या की दोन्ही राहून जातात, मावशी. महिन्यातले निम्मे दिवस मी बाहेर. विमानातली हवा इतकी कोरडी की उतरेपर्यंत ओठ फुटलेले असतात. हॉटेलात परकं पाणी, आणि मोकळा वेळ मिळतो तो सगळा तुकड्यांत. मग मी तुकड्यांची मापं जुळवते. शीट मास्क पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा असतो, तेवढ्यात एक कथा होते. केसांना तेल लावलं की तासभर कुठे जाता येत नाही, तेव्हा प्रवासवर्णनातलं एक प्रकरण. नखं रंगवली की पान उलटायची सोय नाही, तिथे कानाने ऐकायचं पुस्तक. रोमला जाताना रोमवरचं, लिस्बनला जाताना लिस्बनवरचं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

साशंक: शहाणपणाचं आहेच, तीच माझी तक्रार. कथा किती मिनिटांची हे तू आधी विचारलंस. कुणाची, कशाबद्दलची, हे नंतर. समजा एकोणिसाव्या मिनिटाला कथेतल्या बाईने घराचं दार उघडलं आणि तुझा मास्क वाळला. उठणार की वाचणार? उठत असशील तर ते वाचन कसलं, शिजायला ठेवलेल्या डाळीच्या शिट्या मोजणं आहे ते. आणि एक अगदी व्यवहारातली गोष्ट सांगते. क्रीम आणि कागदाचं हाडवैर असतं. तू राहतेस लंडनच्या कॅमडेनमध्ये, ब्रिटिश लायब्ररी तुझ्या पायाशी. तिथल्या वाचनकक्षात जाऊन बघ. कोट, बॅग, पेन, पाण्याची बाटली सगळं बाहेर. पेन्सिल, वही, लॅपटॉप एवढंच एका पारदर्शक पिशवीत घालून आत न्यायचं. हात स्वच्छ हवेत आणि कोरडे हवेत. क्रीम चोळलेला अंगठा दोनशे वर्षांच्या कागदावर टेकला की तो डाग तुझ्या-माझ्या नातवंडांनाही दिसणार.

हौशी: पारदर्शक पिशवी म्हणालात आणि मला दुसरीच आठवली. ऑगस्ट २००६ मध्ये अटलांटिक ओलांडणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट इथे ब्रिटनमध्ये उघडकीला आला. तेव्हापासून द्रवांवर गदा आली आणि त्याच नोव्हेंबरात १०० मिलिलिटरचा नियम बसला. एक लिटरची पिशवी, आरपार दिसणारी, तीत बाईची सगळी प्रसाधनं मांडून परक्या माणसापुढे ट्रेमध्ये ठेवायची. आता काही विमानतळांवर नवे स्कॅनर आले आणि बंधन सैल झालं. पण माझ्या वयाच्या बायकांचं प्रसाधन त्या पिशवीनेच घडवलं. इवल्याशा बाटल्या, सॉलिड शांपू, कांडीचं सनस्क्रीन, सगळी त्या एका नियमाची लेकरं. आणि गंमत बघा, आपलं उटणं त्यातून साफ सुटतं! शिकेकाई, मुलतानी माती, कुंकू, सगळ्या पुड्या. खोबरेल मात्र अडकतं. लंडनच्या थंडीत ते बाटलीत दगडासारखं गोठलेलं असतं, चोवीस अंशांखाली ते पातळ होतच नाही, तरी नियमाच्या लेखी द्रव ते द्रव.

साशंक: यात पुस्तक कुठे आलं?

हौशी: येतंय. सेंट पँक्रसहून पॅरिसची गाडी धरली तर हे १०० मिलिलिटरचं झंझट नाही. तेलाची आख्खी बाटली घ्या, जाडजूड कादंबरी घ्या, सव्वादोन तास निवांत. विमानाने जायचं तर पुड्या, छोट्या डब्या आणि फोनवरचं पुस्तक. म्हणजे जोडी मी लावत नाही, प्रवासाचं वाहनच लावतं. मी फक्त ते ओळखून वागते.

साशंक: वाहन नव्हे ग, दुकान. नोव्हेंबर १८४८ मध्ये डब्ल्यू. एच. स्मिथचा पहिला रेल्वे स्टॉल उघडला तो तुझ्या युस्टन स्टेशनवर. त्याच सुमारास रूटलेजने एका शिलिंगात मिळणारी ‘रेल्वे लायब्ररी’ काढली. पुढे असल्या पुस्तकांची भडक पिवळी वेष्टनं इतकी बोकाळली की त्या जातीला नावच पिवळ्या पाठीचं पडलं. आपल्याकडे १८७७ मध्ये अलाहाबादहून व्हीलर निघाले, त्यांचे स्टॉल तू लहानपणी पाहिलेच असशील. आगगाडीने माणसाला तासन्‌तास एका जागी बसवलं, हात रिकामे ठेवले आणि त्या रिकाम्या हातांत विकायला कुणीतरी पुस्तक दिलं. प्रवासातलं वाचन जन्मलं तेच मुळी रिकामा वेळ विकण्याच्या धंद्यातून. आणि तोच स्मिथ २०२५ मध्ये गावागावातल्या पेठेतली दुकानं विकून मोकळा झाला. विमानतळावरची, स्टेशनांवरची आणि इस्पितळांतली तेवढी ठेवली. तिथे आज कादंबरीशेजारी लिप बाम असतो, त्याशेजारी मानेची उशी. तुला वाटतं जोडी तुला सुचली. ती दुकानात आधीच मांडून ठेवली होती.

हौशी: मांडणीचाच विषय काढलात तर मग बूट्सचं सांगा ना. साबण, पावडर, खोकल्याचं औषध विकणारं दुकान. फ्लोरेन्स बूट यांच्या कल्पनेतून १८९८ मध्ये त्या दुकानांत वर्गणीचं वाचनालय सुरू झालं आणि १९६६ पर्यंत चाललं. पुस्तकाच्या पाठीत वरच्या बाजूला एक धातूचं भोक असायचं, त्यात वर्गणीदाराचं टोकन अडकवायचं. पुस्तक एका शाखेत घ्यायचं आणि दुसऱ्या गावच्या शाखेत परत करायचं, अशीही सोय होती. म्हणजे फिरतीवरच्या माणसासाठीच बेतलेलं! डेव्हिड लीनच्या १९४५ च्या ‘ब्रीफ एन्काउंटर’मधली बाई दर गुरुवारी गाडीने गावात येते, बूट्समध्ये पुस्तक बदलते आणि जाता जाता मुलांसाठी टूथब्रश घेते. रेल्वे, पुस्तक आणि प्रसाधन, तिन्ही एकाच दुपारी. सत्तर वर्षं मध्यमवर्गीय बायका हे करत होत्या, तेव्हा साहित्य बुडालं नाही.

साशंक: त्या वाचनालयाची जागा दुकानात कुठे असायची सांग बघू.

हौशी: मागे. नाहीतर वरच्या मजल्यावर.

साशंक: म्हणजे पुस्तकापर्यंत पोचायला साबणांमधून, अत्तरांमधून चालत जायचं. पुस्तक आमिष होतं. फ्लोरेन्सबाईंना वाचनाची खरी कळकळ होती, ते मी मानते. पण मजला आखणाऱ्याला गिऱ्हाइकाची पावलं हवी होती. आणि हे सगळं बंद कधी पडलं? १९६४ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि दोन वर्षांत बूट्सने गाशा गुंडाळला. फुकट आणि चांगलं मिळायला लागल्यावर वर्गणी कोण भरणार? तुझ्या वस्तीलाच याचा दुसरा, उजळ इतिहास आहे. तेव्हा कॅमडेन नव्हतं, सेंट पँक्रस वेगळी नगरपालिका होती. १९३४ ते १९४७ तिथे व्ही. के. कृष्ण मेनन नगरसेवक होते. सार्वजनिक वाचनालयांसाठी ते हटून बसत. १९३७ मध्ये पेंग्विनची पेलिकन मालिका निघाली तिच्या पहिल्या संपादकांत तेही होते. सहा पेनीत अर्थशास्त्र, इतिहास, विज्ञान. आधी साबण घ्या असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. मला वाचनाची ती जात हवी.

हौशी: सहा पेनीची पेंग्विन पुस्तकं तगली कशामुळे, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. १९३५ मध्ये ॲलन लेन यांच्या पहिल्या दहा पुस्तकांना पुस्तकविक्रेते विचारत नव्हते. वुलवर्थने ६३,५०० प्रतींची मागणी नोंदवली तेव्हा कुठे जीव आला. वुलवर्थ म्हणजे काय? कंगवे, हेअरपिना, स्वस्तातली लिपस्टिक, वाट्या-चमचे. त्या दुकानाने हात दिला म्हणून पेंग्विन उभी राहिली, आणि ती उभी राहिली म्हणून पुढे मेननना पेलिकन मिळाली. साबणापासून सोवळं ठेवलेलं वाचन कुठल्या काळात होतं, मावशी? मुंबईच्या लोकलचा लेडीज डबा घ्या. कर्जतहून निघालेली बाई एका हाताने कंगवा फिरवते, मांडीवर पेपर. टिकल्या-क्लिपा विकणारी येते, शेजारची गवार मोडत असते, खिडकीशी एक जण पोथी पुटपुटत असते, आणि कुर्ल्याला कुणाची तरी लिपस्टिक लावून होते. हा डबा कुठल्या दुकानदाराने आखला?

साशंक: तो डबा बायकांनी आपल्या गरजेतून घडवला, कबूल. आणि तू ज्याला दिनचर्या म्हणतेस ते तिथे नाही, हेही बघ. तिथे बाई दिवसाला चार तास चोरते आहे. तुझ्या जोडीत चोरी नाही, ती खरेदी आहे. पण ते राहू दे, कारण मला खरं खुपतं ते दुकानही नाही. वाचन माणसाला चेहरा विसरायला लावतं. खरं लागलं की आपण कुठे बसलोय, केस विस्कटलेत का, समोरचा बघतोय का, काही उरत नाही. प्रसाधन नेमकं उलटं. ते चेहऱ्याची आठवण करून देतं, आणि आठवणीबरोबर त्यातल्या उणिवांची यादी. एकाच बैठकीत दोन्ही करायची म्हणजे एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्याने लावायचं. तुझ्या हातात लिस्बनची गल्ली आहे आणि मास्कचा गारवा तुला सांगतोय, तू अजून स्वतःच्या नाकापाशीच आहेस.

हौशी: हे तुम्ही फार चांगलं मांडलंत. आता मला विचारू द्या, चेहरा विसरायची मुभा असते कुणाला? ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही त्याला. मी गावोगाव जाते. पासपोर्टच्या खिडकीशी, मीटिंगच्या खोलीत, हॉटेलच्या काउंटरवर माझा चेहरा माझ्याआधी पोचलेला असतो. रंग, केस, कपाळावरची टिकली. लंडनच्या जड पाण्याने केस कोरडे पडतात, त्वचा ओढते, केटलमध्ये पांढरा थर बसतो तो माझ्या डोक्यावरही बसत असणार. तेल लावणं ही माझी चैन नाही, डागडुजी आहे. आणि आपल्या घरांत पुस्तक आणि शृंगार एकमेकांच्या विरुद्ध पारड्यात कुणी घातले ते आठवा. बाई शिकली की नवरा मरतो, म्हणत. नवरा मेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, ब्राह्मणांत तर केसही काढायचे. थोडक्यात, पुस्तक हातात घेशील तर आरसा जाईल, ही धमकी होती. रमाबाई रानड्यांना शिकण्यापायी घरातल्या बायकांनी कसं छळलं, ते त्यांनी १९१० मध्ये आठवणींत लिहून ठेवलंय. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये कडेवरची मुलगी घेऊन बोटीने इंग्लंडला आल्या तेव्हा त्या विधवा होत्या. त्या प्रवासावर त्यांनी मराठीत लिहिलंही. त्यांच्या सामानात पुस्तकं असणं लोकांना जेमतेम चाललं असतं, पण सुवासिक तेलाची बाटली? ती सापडली असती तर केवढा गहजब झाला असता! माझ्या बॅगेत दोन्ही शेजारी शेजारी आहेत. तुम्हाला ते दुकानाचं कपाट वाटतं. मला तसं वाटत नाही.

साशंक: हं. हे मी असं पाहिलं नव्हतं, आणि याला माझ्यापाशी झटपट उत्तर नाही. पण पंडिता रमाबाईंना बंदी होती ती सजण्याची. आज बाईवर सक्ती आहे ती सजण्याची. बंदी मोडणारी बाटली आणि सक्ती पाळणारी बाटली दिसायला सारखीच असते. आपल्याकडे १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली. तिने दोन पिढ्यांच्या सावळ्या मुलींना सांगितलं की नोकरी, नवरा, आत्मविश्वास, सगळं ट्यूबमध्ये आहे. २०२० मध्ये नाव बदलून ग्लो केलं, ट्यूब तीच. लंडनमध्ये आपल्या लोकांच्या दुकानांतसुद्धा गोरेपणाची क्रीमं काउंटरच्या मागे रांगेने लावलेली मी पाहिली आहेत. तू म्हणतेस, तुझा चेहरा तुझ्याआधी पोचतो. खरं आहे. मग ज्या बाजाराने त्या चेहऱ्याला कमी ठरवलं त्याच बाजाराकडून दुरुस्ती विकत घेणार? आणि ती चढेपर्यंत पुस्तक वाचणार? ते पुस्तक मग भूल देण्याचं काम करतं. इंजेक्शन टोचताना डॉक्टर लहान मुलाला खिडकीतला कावळा दाखवतात ना, तसं.

हौशी: गोरेपणाची क्रीम आणि खोबरेल एका मापाने मोजू नका.

साशंक: नाही मोजत. पण तुझ्या पिशवीत यातलं काय काय आहे, ते तुलाच तपासावं लागेल. पिशवी पारदर्शक आहे म्हणून आतलं सगळं कळतं असं नाही.

हौशी: तपासते. आणि तपासताना मला किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर आठवतं. तेही कॅमडेनमध्येच, प्रिमरोझ हिलला. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहात, शिवाय ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास. पैसे इतके बेताचे की पोट मारून पुस्तकं घेत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. मग कॅमडेन कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली, चौकशी बसली, अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारकडून परवानगी आली, हा वेगळाच किस्सा. मुद्दा असा की त्या माणसाने वाचनासाठी चेहरा विसरला असेल, पण कोट कधीच विसरला नाही. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला बायकांपुढे बोलताना त्यांनी दोन गोष्टी एकाच भाषणात सांगितल्या. स्वच्छ राहा, लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसा, अंगावरचे जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका. आणि मुलींना शिकवा. त्यांना ही जोडी हलकी वाटली नाही. मग मलाच का वाटावी?

साशंक: त्या भाषणात वजाबाकी किती आहे ते बघ. दागिने टाका. लुगडं तेच, नेसायची तऱ्हा बदला. त्याला पैसा लागत नाही, धाडस लागतं. तुझ्या दिनचर्येत दर फेरीला एक डबी वाढते.

हौशी: वाढते, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या बायका नेसणं बदलून आल्या, ती बाहेरून दिसणारी गोष्ट होती. कुणीतरी बघावं म्हणूनच केलेली. मुलीला शाळेत घातलं त्याचं फळ दिसायला वीस वर्षं. नेसणं एका रात्रीत. दोन्ही एकदम सांगितली यात त्यांचा हिशोब होता, असं मला वाटतं. लवकर दिसणाऱ्या गोष्टीने उशिरा दिसणाऱ्या गोष्टीला धीर द्यायचा.

साशंक: आणि मला वाटतं, लवकर दिसणारी गोष्ट उशिरा दिसणारीला गिळून टाकते, हाच धोका आहे. तुझ्या मास्कचा परिणाम उद्याच्या फोटोत दिसेल. वाचलेल्याचा कुठे दिसतो? म्हणून वेळ कमी पडला की कथा सुटते, मास्क सुटत नाही. प्रामाणिकपणे सांग, सुटतो का?

हौशी: नाही सुटत. खरंच नाही. पण जोडी तोडली तर कथा तेवढीही होणार नाही, हेही खरं. आणि गावोगावच्या चौकातले बाबासाहेबांचे पुतळे बघा. निळा कोट, टाय, आणि डाव्या हाताशी पुस्तक. हे कुठल्या सरकारी शिल्पकाराने ठरवलेलं नाही, वस्तीवस्तीने वर्गणी काढून उभे केलेत ते. वस्तीतली पोर त्या पुतळ्याकडे बघते तेव्हा तिला आधी कोट दिसतो, मग पुस्तक. यातलं एक काढून घ्या आणि पुतळा तोच राहतो का ते सांगा.

साशंक: कोट काढला तरी ओळखू येतील. पुस्तक काढलं तर मला नाही वाटत. आणि त्या हातात पुस्तक आहे, आरसा नाही.

हौशी: टायची गाठ सरळ बसवायला आरशासमोर उभं राहावं लागतं, मावशी. ते पुतळ्यात दाखवत नाहीत एवढंच.